स्टोरेज ॲरे पहिल्यांदा उभा करताना: खोकी उघडण्यापासून फेलओव्हरच्या चाचणीपर्यंत

सर्व्हरवर दोन-तीन वर्षं काम झालं की एक दिवस निरोप येतो: नवीन स्टोरेज आलंय, उद्या महापेला जाऊन बसवून या. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे इथे इतकी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत की डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटी करून आलेल्या अनेक मुलामुलींचा स्टोरेजशी पहिला संबंध तिथल्याच एखाद्या थंड हॉलमध्ये येतो. माझाही तिथेच आला. हातात जाडजूड मॅन्युअल होतं, समोर सात खोकी होती, आणि कुठली केबल कुठे आणि का जाते हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. त्या दिवशी जे कळायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

स्टोरेज ॲरे म्हणजे अनेक डिस्क एकत्र ठेवून सर्व्हरना साठवणीची जागा देणारं यंत्र, आणि कंट्रोलर म्हणजे ते चालवणारा भाग. मी दोन कंट्रोलरचा, मधल्या आकाराचा ॲरे धरला आहे. नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा तोच येतो. कंपनी कुठलीही असो, एक गोष्ट धरून चला. या यंत्रात जवळजवळ सगळं जोडीनं असतं: दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, प्रत्येक डिस्कला दोन पोर्ट. ही जोडी कारखान्यातूनच येते. पण त्या दोन वाटा विजेच्या पुरवठ्यापासून सर्व्हरपर्यंत कुठेही एकत्र येऊ न देणं हे बसवणाऱ्याचं काम आहे.

१. यंत्राचे भाग ओळखा

एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात आणि एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी त्यांची मांडणी करावी, हा विचार बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडला. अशा मांडणीला रेड म्हणतात, तो शब्द तिथला. १९९० मध्ये ईएमसी कंपनीनं सिमेट्रिक्स बाजारात आणलं. लहान डिस्क आणि त्यांच्यापुढे भरपूर कॅश, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवणारी झटपट मेमरी, ही त्याची रचना. आज तुमच्यासमोर जो डबा आहे त्याचा सांगाडा अजून तोच आहे.

मागून पाहिलंत तर एका डब्यात दोन कंट्रोलर दिसतील, एकावर एक किंवा शेजारी शेजारी. प्रत्येक कंट्रोलर म्हणजे स्वतंत्र संगणकच: प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, सर्व्हरकडे जाणारे पोर्ट आणि डिस्क शेल्फकडे, म्हणजे डिस्कच्या जादा डब्याकडे, जाणारे पोर्ट. दोघे आतून एकमेकांशी जोडलेले असतात. समोरच्या बाजूला डिस्क असतात, आणि मध्ये एक उभा बोर्ड असतो, त्याला मिडप्लेन म्हणतात. डिस्क एका बाजूनं त्यात बसतात, कंट्रोलर दुसऱ्या बाजूनं. संपूर्ण डब्यात जोडी नसलेला मुख्य भाग हाच, म्हणून त्यावर बिघडण्यासारखं फारसं काही ठेवलेलं नसतं. मात्र डिस्क किंवा कंट्रोलर तिरका दाबून या बोर्डाची पिन वाकवलीत तर बोर्ड बदलण्यासाठी सगळं यंत्र बंद करावं लागतं. अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढा, टॉर्च मारून आत बघा.

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ नावांनी होतो. डिस्कच्या जादा डब्याला नेटॲपवाले शेल्फ म्हणतात, ईएमसीच्या जुन्या लोकांच्या तोंडी डीएई असतं, हिताचीकडे तो ड्राइव्ह बॉक्स होतो, आयबीएमकडे एक्स्पान्शन एन्क्लोजर. त्या डब्याच्या मागच्या जोडणी-मॉड्यूलला कुणी आयओएम म्हणतं, कुणी एलसीसी, कुणी कॅनिस्टर. वस्तू तीच. सपोर्टशी फोनवर बोलताना त्यांचा शब्द वापरा, नाहीतर चुकीचा सुटा भाग येतो.

आता डिस्क. सॅस, एनव्हीएमई आणि साटा हे डिस्क जोडण्याचे प्रकार. सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, एक कंट्रोलर ए साठी आणि एक बी साठी. ॲरेतल्या एनव्हीएमई एसएसडीतही चार लेनचे (डेटाच्या समांतर वाटांचे) दोन-दोन असे भाग करून तेच साधलेलं असतं. साटा डिस्कला पोर्ट एकच. म्हणून "बाजारातून तेवढ्याच टीबीची एसएसडी आणून लावू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शिवाय अनेक ॲरे ५१२ ऐवजी ५२० बाइटचे सेक्टर वापरतात. जादाचे ८ बाइट डेटा बरोबर आहे का हे तपासण्यासाठी असतात. त्यामुळे इथली डिस्क तिथे आणि तिथली इथे सरळ चालत नाही.

२. लिहिलेला डेटा कुठून जातो ते समजून घ्या

हे कळलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

सर्व्हरनं कंट्रोलर ए कडे काही लिहायला पाठवलं. ए ते आपल्या मेमरीत घेतो, त्याची प्रत आतल्या जोडणीतून बी च्या मेमरीत जाते, आणि दोन्हीकडे पोचल्यावर सर्व्हरला "लिहिलं" असं उत्तर मिळतं. डिस्कवर ते अजून गेलेलंच नसतं, नंतर सवडीनं जातं. म्हणूनच ॲरे झटपट वाटतो. मधल्या वेळात वीज गेली तर बॅटरीच्या जोरावर मेमरीतला हा डेटा फ्लॅशवर किंवा राखीव डिस्कवर उतरवला जातो, किंवा मेमरीच बॅटरीवर जिवंत ठेवली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: बॅटरी खराब झाली, किंवा एक कंट्रोलर गेल्यामुळे प्रत ठेवायला जोडीदार उरला नाही, तर अनेक ॲरे कॅशवर भरवसा ठेवणं थांबवतात आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर गेल्याशिवाय उत्तर देत नाहीत. यंत्र चालू असतं, डेटा शाबूत असतो, पण ॲप्लिकेशन रांगायला लागतं. "काल रात्रीपासून सगळं स्लो आहे" असा फोन आला की नेटवर्कवाल्यांना उठवण्याआधी बॅटरीची आणि दोन्ही कंट्रोलरची स्थिती बघा. दुसरी: ॲरे मुख्य स्विच दाबून कधीही बंद करू नका. मॅनेजमेंटच्या पडद्यावरून शटडाउन द्या आणि कॅश रिकामी होऊ द्या.

३. डिस्कचं गणित कागदावर करा

फिरत्या डिस्कची ताकद ठरलेली असते. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते ८० वाचण्या-लिहिण्याची विखुरलेली कामं करते, १०,००० ची सुमारे १४०, १५,००० ची सुमारे १८०. यांना आयऑप्स म्हणतात. रेडचे प्रकार आहेत: रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कची दुसरी प्रत असते, रेड ५ मध्ये गटातली एक आणि रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. लिहिताना रेडचा भार पडतो: एका लिखाणामागे रेड १० मध्ये डिस्कवर २ कामं, रेड ५ मध्ये ४, रेड ६ मध्ये ६.

समजा २४ डिस्क आहेत, १०,००० फेऱ्यांच्या. एकूण ३,३६० आयऑप्स. ग्राहकाचं काम ७० टक्के वाचन, ३० टक्के लेखन. रेड ५ मध्ये भागाकार १.९ नं होतो (०.७ अधिक ०.३ गुणिले ४), म्हणजे सर्व्हरला मिळतात सुमारे १,७७०. रेड ६ मध्ये भागाकार २.५ नं, हाती १,३४४. रेड १० मध्ये १.३ नं, हाती सुमारे २,५८०. डिस्क त्याच, फरक जवळपास दुपटीचा. कॅश यात थोडी मदत करते, पण दिवसभराचा सलग भार शेवटी डिस्कवरच येतो. सगळंच फ्लॅश असेल तर मात्र अडचण डिस्कवर येत नाही, कंट्रोलरच्या प्रोसेसरवर येते. तेव्हा जादा एसएसडी घालून वेग वाढेल हे गृहीत धरू नका.

मग मोठ्या डिस्कना रेड ६ का? कारण १८ टीबीची डिस्क गेली आणि नवी डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगानं अखंड भरत राहिली, तरी २५ तास लागतात. प्रत्यक्षात सर्व्हरचं कामही चालू असतं, म्हणून वेळ आणखी वाढतो. तेवढ्या काळात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ मध्ये तो गट संपला. माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या फिरत्या डिस्कवर रेड ५ ठेवू नये, कुणी कितीही जागा वाचवून दाखवली तरी.

जागेबद्दलचं भांडण आधीच टाळा. ३.८४ टीबीच्या २४ एसएसडी म्हणजे कागदावर ९२.१६ टीबी. त्यातल्या २ स्पेअर (राखीव) ठेवल्या आणि उरलेल्यांचे ९ डेटा अधिक २ पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीच्या) असे दोन गट केले, तर डेटाला १८ उरल्या: ६९.१२ टीबी. डिस्क बनवणारे दहाच्या पटीत मोजतात, सर्व्हर बहुधा १,०२४ च्या पटीत, म्हणून पडद्यावर दिसतील साधारण ६२.९. ९२ विकत घेऊन ६३ पण दिसत नाहीत हे ग्राहकाला बसवण्याच्या दिवशी कळलं तर तुमचा दिवस त्यातच जातो. हा हिशेब आदल्या दिवशी मेलवर पाठवा.

४. कागद आणि हत्यारं गोळा करा

कागदपत्रं:
- डेटा सेंटरचा प्रवेश परवाना आणि मटेरियल गेटपास. गेटपासवरचे सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबरांशी जुळवून घ्या, एक आकडा चुकला तरी गेटवर अडवतात.
- डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, पॅकिंग लिस्ट.
- रॅकचा आराखडा: कुठल्या यू मध्ये काय. एक यू म्हणजे पावणेदोन इंच.
- आयपी पत्त्यांची यादी. दोन कंट्रोलरचे दोन, शिवाय क्लस्टर किंवा मॅनेजमेंटचा एक, बहुतेक वेळा.
- सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या एचबीए कार्डांचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे १६ अंकी ओळख-क्रमांक. टाइप करू नका, कॉपी करा.
- कंपॅटिबिलिटीची यादी: एचबीएचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), स्विचचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ॲरेचं व्हर्जन एकमेकांना चालतात का.
- चेंजची, म्हणजे चालू यंत्रणेतल्या बदलाची, लेखी मंजुरी.

हत्यारं: दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, केज नट बसवायची पट्टी, अंगातली स्थिर वीज उतरवणारा, मनगटाला बांधायचा ईएसडी पट्टा, यूएसबी ते सीरियल कन्सोल केबल, फायबरचे एलसी कनेक्टर साफ करायचं पेन, लेबल प्रिंटर, वेल्क्रो, टॉर्च. झिप टाय नेऊ नका. फायबर आवळून बांधलं की आत तुटतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

५. खोकी उघडणं आणि रॅकमध्ये चढवणं

पुठ्ठा हॉलमध्ये नेऊ देत नाहीत, त्याचा भुसा हवेत जातो. स्टेजिंगच्या खोलीत उघडा. पावसाळ्यात खोकी ओली असतील तर आधी फोटो काढा आणि चलनावर तसं लिहून सही घ्या. आत-बाहेरच्या हवेत फार फरक असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ यंत्र तसंच राहू द्या, दव धरलेल्या बोर्डाला वीज देऊ नका.

जड ते खाली. चार यू मध्ये ६० डिस्क मावणारं शेल्फ भरलेलं असताना शंभर किलोच्या वर जातं. अशी शेल्फ रिकामी चढवायची, मग डिस्क घालायच्या, आणि लिफ्ट असल्याशिवाय हात लावायचा नाही. कारखान्यात आधीच कॉन्फिगर झालेल्या ॲरेच्या डिस्क काढाव्या लागल्या तर प्रत्येकीवर स्लॉटचा नंबर चिकटवा आणि त्याच जागी परत घाला.

६. वीज: दोन फीड, दोन पीडीयू

फीड म्हणजे रॅकपर्यंत येणारा विजेचा स्वतंत्र पुरवठा, आणि पीडीयू म्हणजे रॅकमधली त्याची प्लगांची पट्टी. इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एका ग्राहकाकडे मी कंट्रोलरचा डबा आणि दोन शेल्फ बसवली. सगळे दिवे हिरवे. चार महिन्यांनी त्यांच्या यूपीएसची देखभाल होती, ए फीड ठरल्याप्रमाणे बंद केला. कंट्रोलर चालू राहिला, पहिलं शेल्फ चालू राहिलं, दुसरं पूर्ण विझलं. त्याच्या दोन्ही पॉवर केबल मी ए बाजूच्या पीडीयूत लावल्या होत्या. २४ डिस्क एकदम नाहीशा झाल्यावर तिथला रेड तग धरू शकला नाही, पूल (डिस्कचा एकत्र साठा) ऑफलाइन गेला. फीड परतल्यावर डेटा सुखरूप मिळाला, पण एका कारखान्याचं काम दोन तास थांबलं. केबल सगळ्या काळ्या होत्या आणि मी पीडीयूपर्यंत हातानं माग काढला नव्हता.

तेव्हापासून मी हे करते आणि तुम्हीही करा. ए साठी एक रंग, बी साठी दुसरा, वेगळ्या रंगाच्या केबल नसतील तर दोन्ही टोकांना रंगीत टेप. प्रत्येक डब्याचा डावा पॉवर सप्लाय ए ला, उजवा बी ला, अपवाद नाही. प्लगची क्लिप लावा, नुसता खोचलेला प्लग शेजारच्या केबलच्या धक्क्यानं निसटतो. आणि एक फीड गेल्यावर सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून एकट्या पीडीयूला तो पेलेल का हे डेटा सेंटरच्या लोकांकडून विचारून घ्या.

७. मागची जोडणी: कंट्रोलर ते शेल्फ

कंट्रोलर ए हा प्रत्येक शेल्फच्या ए मॉड्यूलच्या साखळीत, कंट्रोलर बी हा बी च्या साखळीत. एवढं सगळीकडे सारखं आहे. पुढे कंपन्यांचे रस्ते वेगळे होतात. काहींत दोन्ही साखळ्या वरून खाली जातात. काहींत ए ची साखळी पहिल्या शेल्फपासून खाली आणि बी ची शेवटच्या शेल्फपासून वर जाते. या उलट्या पद्धतीचा फायदा असा की मधलं एखादं शेल्फ पूर्ण गेलं तरी वरची ए कडून आणि खालची बी कडून दिसत राहतात. काहींत दोन्ही कंट्रोलर साखळीच्या दोन्ही टोकांना जोडतात. तुमच्या मॉडेलचं चित्र छापून रॅकवर चिकटवा आणि लावलेल्या केबलवर पेननं खूण करत जा.

इथले नेहमीचे सापळे: आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा पोर्ट उलटा होणं, कनेक्टर उलटा धरून दाबणं (बरोबर बसला की खट् आवाज येतो), आणि दोन शेल्फना एकच आयडी राहणं. बऱ्याच शेल्फमध्ये आयडी बदलल्यावर वीज बंद-चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही, म्हणून हे काम डेटा टाकण्याआधीच उरका. बाहेरच्या सॅस केबलमध्ये चार लेन असतात. १२ गिगाबिटच्या हिशेबानं एका केबलची एकूण क्षमता ४८ गिगाबिट होते. एसएसडीची शेल्फ एकाच साखळीत ओवत गेलात तर ती लवकर भरते.

८. पुढची जोडणी: ॲरे ते सर्व्हर

फायबर चॅनेल (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) असेल तर दोन स्विच, दोन वेगळी फॅब्रिक, म्हणजे स्विचची जाळी, एकमेकांना न जोडलेली. सर्व्हरचं पहिलं एचबीए ए फॅब्रिकला, दुसरं बी ला. ॲरेच्या बाबतीत मात्र नवा माणूस हमखास चुकतो: कंट्रोलर ए चे सगळे पोर्ट ए स्विचला आणि बी चे बी ला लावतो. दिसायला नीटनेटकं, पण एक स्विच गेला की एक अख्खा कंट्रोलर सर्व्हरपासून तुटतो. प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट ए फॅब्रिकला आणि एक बी ला गेला पाहिजे. मग सर्व्हरला चार वाटा दिसतात, आणि कुठलीही एक वस्तू गेली तरी दोन उरतात.

झोनिंग म्हणजे कुठला पोर्ट कुठल्या पोर्टला दिसेल हे स्विचवर ठरवणं. ते करताना एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट ठेवा. सगळ्यांना एका झोनमध्ये कोंबलं तरी चालतं, पण एका सर्व्हरच्या रीबूटचे हेलकावे बाकीच्यांना बसतात.

फायबर जोडण्याआधी प्रत्येक टोक पेननं साफ करा, नवीन पाकिटातलं असलं तरी. एसएफपीचा, म्हणजे पोर्टात बसणाऱ्या फायबरच्या मॉड्यूलचा, वेगही बघा: ३२ गिगाबिटचा एसएफपी १६ आणि ८ वर उतरतो, ४ वर नाही. जुन्या सर्व्हरला ४ चं कार्ड असेल तर ते इथेच कळू द्या.

आयस्कझी (साध्या इथरनेट नेटवर्कवरून स्टोरेज) असेल तर दोन वेगळी व्हीलॅन (स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क) घ्या. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ९,००० बाइट ठेवायचा असेल तर सर्व्हर, स्विच आणि ॲरे तिन्हीकडे ठेवा, आणि ८,९७२ बाइटचं न तुटणारं पिंग पाठवून खात्री करा. साधं पिंग जातं म्हणून समाधान मानू नका.

९. चालू करण्याचा क्रम

आधी स्विच, मग शेल्फ, शेल्फच्या डिस्क स्थिरावल्यावर कंट्रोलर, शेवटी सर्व्हर. बंद करताना बरोबर उलटं. कंट्रोलर आधी चालू झाला तर त्याला शेल्फ दिसत नाहीत आणि तो डिस्क हरवल्याची तक्रार नोंदवतो. कन्सोल केबल लावून पहिलं बूट डोळ्यांनी बघा. बहुतेक ठिकाणी वेग ११५२०० असतो. फर्मवेअर याच वेळी अद्ययावत करा, डेटा आल्यावर त्यासाठी रात्रीची परवानगी मागत बसावं लागतं.

१०. ताब्यात देण्याआधी तोडून बघा

एक वाट गेली की काम दुसरीवर सरकतं का, ही फेलओव्हरची चाचणी. सर्व्हरवर वाचन-लेखनाचा भार चालू ठेवा, ग्राहकाच्या माणसाला शेजारी उभं करा, आणि एकेक गोष्ट काढा: ए बाजूचा संपूर्ण पीडीयू, मग परत लावून बी चा. एक सॅस केबल. एक फायबर. एक स्विच. शेवटी एक कंट्रोलर, आधी आज्ञा देऊन आणि मग खरोखर बाहेर ओढून. प्रत्येक वेळी सर्व्हरचं काम थांबतं का, काही सेकंद अडखळतं का, मल्टिपाथच्या (सर्व्हरवरून ॲरेकडच्या वाटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत किती वाटा उरल्या, हे वेळेसकट लिहा. परत लावल्यावर सगळं पूर्वपदावर येईपर्यंत पुढच्या चाचणीला हात घालू नका. या कामाला दोन-अडीच तास लागतात आणि ते वाचवण्यासाठी दबाव येतो. वाचवू देऊ नका. माझी चूक अशा चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत सापडली असती.

११. पहिली डिस्क बदलताना

ही वेळ लवकरच येते. पडद्यावरून त्या डिस्कचा दिवा लुकलुकता करा, स्लॉट नंबर आणि सीरियल नंबर दोन्ही जुळवा. शेजारची चांगली डिस्क ओढली की एका बिघाडाचे दोन होतात. खटका उघडून डिस्क बोटभर बाहेर घ्या आणि फिरणं थांबेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा, मग पूर्ण काढा. नवी डिस्क आत गेल्यावर रीबिल्ड (तिच्यावर डेटा परत भरणं) सुरू झाल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत हॉल सोडू नका. जुनी डिस्क कंपनीला परत जाणार की ग्राहकाकडे नष्ट होणार हे करारात लिहिलेलं असतं. ते वाचून, ग्राहकाची सही घेऊनच ती गेटबाहेर न्या.